मकाऊ: जुगार न खेळता, जुगाऱ्यांच्या खर्चाने

मकाऊला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या कसिनोंच्या शहराला, निघालोय म्हटल्यावर आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न आला, "लॉटरी लागली का?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "वहिनींना माहितीये ना?" वहिनी सोबतच येणार होत्या, आणि लॉटरी लागली नव्हती. हाँगकाँगला जायचंच होतं, तर दोन रात्री पलीकडे जाऊन येऊ, इतकाच विचार होता. विमानाचं तिकीट सोडलं तर त्या दोन रात्री दोघांना मिळून पंचवीस हजार रुपयांच्या आसपास पडल्या. हे कसं जमलं ते पुढे क्रमाने लिहितो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे बारीकसारीक गोष्टीही सांगतो.

आधी या शहराचं अर्थकारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जातं. २०१३ साली, म्हणजे ऐन भरात असताना, इथल्या कसिनोंनी वर्षभरात ३६० अब्ज पटाका (इथलं चलन) कमावले. लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या सगळ्या कसिनोंच्या जवळजवळ सातपट. हा पैसा येतो टेबलांवरून. माणूस टेबलापर्यंत यावा म्हणून बस फुकट, कारंजी फुकट, थंडगार हवा फुकट, पाणी फुकट. तुम्ही हे सगळं घेतलंत आणि टेबलाशी बसला नाहीत, तर कुणीही तुम्हाला हटकत नाही. पणजीला मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर पाय ठेवायलाच पैसे मोजावे लागतात. इथे दार सताड उघडं असतं. स्वस्तात मकाऊ बघण्याची सगळी युक्ती एवढीच आहे.

तारीख आधी, तिकीट मागाहून

खोलीचं भाडं ही इथली एकमेव खरी महाग गोष्ट, आणि ते वारावर चालतं. रविवार ते गुरुवार एक भाव, शुक्रवार-शनिवार दुसराच. आम्ही रविवारी आणि सोमवारी राहिलो. तीच खोली शनिवारी किती पडली असती ते कुतूहल म्हणून पाहिलं, तर दुपटीच्या वर आकडा होता. चिनी नववर्ष, १ मे आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा या दिवसांत जाऊच नका. मुख्य चीनमधून अख्खी गावं लोटतात. नोव्हेंबरात ग्रांप्री म्हणजे मोटारींची शर्यत असते (१९५४ पासून चालू आहे), तेव्हा गावातलेच रस्ते शर्यतीसाठी बंद होतात आणि भाडी चढतात.

हवामानाचं म्हणाल तर ऑक्टोबर मध्यापासून डिसेंबरपर्यंत उत्तम. जून ते सप्टेंबर वादळांचा हंगाम. आठ नंबरचा बावटा लागला की पूल, बस, बोटी सगळं ठप्प. २०१८ च्या सप्टेंबरात 'मांखुत' वादळात कसिनोसुद्धा बंद ठेवावे लागले होते. मकाऊत कसिनो बंद म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाचं दार बंद.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर मकाऊला व्हिसा लागत नाही, ३० दिवस राहता येतं. अडचण हाँगकाँगची असते. तिथेही व्हिसा नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर होते आणि पूर्णपणे फुकट आहे. "आम्ही करून देतो, इतके हजार" म्हणणारे बरेच भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. निकाल बहुतेकदा लगेच येतो. तो साध्या ए-फोर कागदावर छापून, सही करून जवळ ठेवायचा. ही नोंदणी सहा महिने चालते आणि एका खेपेला १४ दिवस राहता येतं.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. मकाऊहून हाँगकाँगला परतणं म्हणजे हाँगकाँगमध्ये नव्याने प्रवेश करणं. त्यामुळे तो कागद पहिल्या दिवशी वापरून झाला म्हणून बॅगेच्या तळाशी टाकू नका.

मकाऊत पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. दिसायला किराणा दुकानातल्या पावतीसारखी. हिने ती खरोखरच पावती समजून कागदाच्या पेल्यासोबत कचरापेटीत टाकली आणि खोली घेताना काउंटरवरच्या बाईंनी नेमकी तीच मागितली. पासपोर्टाच्या मधल्या पानात ठेवा आणि विसरून जा.

आणखी एक. मकाऊच्या उत्तर टोकाला चालत गेलं की सीमेपलीकडे झुहाई दिसतं. तिथे हॉटेलं स्वस्त आहेत असं कुणीतरी सांगेल. ते चीन आहे, आपल्याला चीनचा व्हिसा लागतो. विषय संपला.

पोहोचायचं कसं

मुंबईहून हाँगकाँगला थेट विमान आहे. बँकॉक किंवा क्वालालंपूरला जाणार असाल तर तिथून मकाऊला थेट स्वस्त विमानं मिळतात, तोही विचार करून बघा.

हाँगकाँगहून दोन वाटा. बोट, साधारण तासाभराची. किंवा पुलावरची बस. २०१८ मध्ये सुरू झालेला हा पूल-बोगदा मार्ग ५५ किलोमीटरचा आहे. बस २४ तास चालते, दिवसाचं तिकीट ६५ हाँगकाँग डॉलर. बोटीला जवळपास तिप्पट मोजावे लागतात. निवड उघड आहे. हाँगकाँगच्या विमानतळावरून 'बी ४' नंबरची बस सहा-सात डॉलरांत पुलाच्या नाक्यावर सोडते. तिथे हाँगकाँगमधून बाहेर पडल्याची तपासणी, मग सोनेरी रंगाची बस, चाळीसेक मिनिटांनी मकाऊची तपासणी. आधी आरक्षणाची गरज पडली नाही, रांगेत उभं राहिलो आणि दहा मिनिटांत बस मिळाली. बसमध्ये उजवी-डावी बाजू बघत बसू नका. पाणी दोन्हीकडे आहे.

पटाका

इथलं चलन पटाका. 'प' आहे, 'फ' नव्हे. उडवायला मात्र दोन्ही सारखेच. एक पटाका म्हणजे साधारण अकरा रुपये धरा. १०० हाँगकाँग डॉलर म्हणजे १०३ पटाका, हा दर बांधलेला आहे. दुकानदार डॉलरही घेतात, पण एकास एक भावाने, म्हणजे दर शंभरामागे तीन तुमचे गेले. चहाला हरकत नाही, खोलीचं भाडं देताना मात्र पटाक्यात द्या. एटीएममधून दोन्ही चलनं निघतात, बटण दाबताना लक्ष असू द्या. लागतील तेवढेच पटाका काढा, कारण मकाऊबाहेर त्यांना कुणी विचारत नाही.

खोली

कोताई या नव्या, मोठ्या कसिनोंच्या भागातली हॉटेलं, म्हणजे छतावर आकाश रंगवलेली आणि आत कालवे खोदलेली ती, राहायची नसतात, बघायची असतात. राहायचं जुन्या मकाऊत. सेनादो चौकाच्या पश्चिमेला, जुन्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्ल्यांमध्ये छोटी हॉटेलं आणि लॉज आहेत. पाटीवर 'विला' किंवा 'पेन्साँव' लिहिलेलं दिसलं की समजा लॉज. विला म्हणजे अलिबागचा बंगला नाही. पलंग, टेबल आणि त्यांच्यामध्ये एक माणूस तिरका उभा राहील एवढी जागा. आमची खोली अशीच होती, पण स्वच्छ, आणि गरम पाण्याची किटली होती. ती किटली पुढे फार कामाला आली.

भाड्याचा जो आकडा आधी दिसतो त्यात १० टक्के सेवाशुल्क आणि ५ टक्के पर्यटन कर धरलाय का, ते बघून घ्या. आम्हाला दोन रात्रींचे सगळं धरून अकराशे पटाका लागले. कुणाच्या फ्लॅटमधली खोली दिवसावर घेण्याचा मोह टाळा. मकाऊत ते बेकायदा आहे. खोल्या फारच महाग दिसल्या तर हाँगकाँगमध्येच राहून सकाळच्या बसने येऊन रात्रीच्या बसने परत जाता येतं. थकायला होतं, पण जमतं. चिम शा चोईमधल्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये स्वस्त खोल्याही आहेत आणि खाली भारतीय जेवणही.

फिरणं

पुलाचा नाका, बोटींचे धक्के, चीनच्या सीमेचं दार, सगळीकडे कसिनोंच्या बस उभ्या असतात. मोठ्या, वातानुकूलित, बाजूला हॉटेलाचं नाव. चढायचं आणि बसायचं. आम्ही पाठीवर सॅक, हातात खाऊची पिशवी अशा अवतारात चढलो, ड्रायव्हरने मान वर करूनही पाहिलं नाही. क्वचित एखाद्या मार्गावर कूपन मागतात, ते थांब्यावरच्या फलकावर लिहिलेलं असतं. कोताईतलं एक हॉटेल बघून झालं की त्याच्याच बसने परत नाक्यावर किंवा जुन्या गावाजवळच्या दुसऱ्या कसिनोपाशी. दोन दिवसांत अर्धाअधिक प्रवास असा झाला.

गावातल्या सार्वजनिक बसला सहा पटाका, कुठेही जा. सुटे मिळत नाहीत. कंडक्टर नाही, ड्रायव्हरच्या शेजारी पारदर्शक पेटी असते. मी पहिल्या दिवशी दोघांसाठी वीसची नोट हातात धरून आशेने उभा राहिलो. ड्रायव्हरने पेटीकडे बोट दाखवलं, मग हाताने "नाही" केलं, आणि मागून चढलेल्या आजींनी मला कोपराने ढकलून आपलं कार्ड टेकवलं. आठ पटाका पेटीत गेले. त्यानंतर मी प्रत्येक दुकानात सुट्टे मागत फिरलो. तीन-चार दिवस राहणार असाल तर मकाऊ पास कार्ड घ्या, भाडं निम्मं होतं.

पोटाचं बघायला हवं

मांसाहारी असाल तर चैन आहे. पावात घातलेली डुकराच्या मांसाची चाप, शेवयांचे वाडगे, माशाचे गोळे, तीस-चाळीस पटाक्यांत एक वेळ होते. सेंट पॉलच्या भग्न चर्चकडे जाणाऱ्या गल्लीत दुकानदार वाळवलेल्या मांसाचे आणि बदामी बिस्किटांचे तुकडे कापून हातावर ठेवतात. त्या गल्लीतून दोनदा गेलं की नाश्ता झाला म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या खेपेला दुकानदार ओळखीचं हसतो, तेवढं सहन करायचं.

शाकाहारी असाल तर नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही. हिरव्या भाजीवरसुद्धा कालवांचा सॉस ओततात, सुपात सुकट असते. "मांस, मासे, कालवं, सुकट नको" असं चिनीत लिहिलेला कागद फोनमध्ये ठेवा. आणि घरून न्या: दशम्या, दाण्याची चटणी, पाकिटातला उपमा. किटलीचं उकळतं पाणी डब्यात ओतून झाकण लावायचं, पाच मिनिटांत उपमा तयार. हिचा सोमवार होता, तिचा दिवस केळी, दाण्याचे लाडू आणि भाजलेल्या रताळ्यांवर गेला. रताळी रस्त्यावरच्या गाडीवर मिळाली.

एका गोष्टीवर मात्र पैसे खर्च करा. २६ए नंबरची बस पकडून दक्षिणेला कोलोआन गावात जा. तिथे लॉर्ड स्टोज नावाची बेकरी आहे, १९८९ पासूनची. मकाऊचा प्रसिद्ध अंड्याचा टार्ट इथून सुरू झाला. एक दहा-बारा पटाकांना पडतो. कागदी पिशवी हाताला चटके देते, वरची साय जागोजागी करपून काळी पडलेली, कडा चावली की पापुद्रे शर्टावर सांडतात आणि मधला भाग अजून थरथरत असतो. समुद्राकाठच्या बाकावर बसून खा. समोर अरुंद खाडी, आणि खाडीपलीकडे चीन.

बघायचं काय

कोताईसाठी एक संध्याकाळ पुरते. व्हेनिशियन या हॉटेलातले कालवे बघायला पैसे नाहीत, नावेत बसायला आहेत; काठावरून चालत जा, नावाडी गातात ते तिथूनही ऐकू येतं. पॅरिशियनसमोरचा आयफेल मनोरा खऱ्याच्या निम्म्या उंचीचा आहे, फोटोत कळत नाही. विन पॅलेससमोरच्या तळ्यावर कारंजी नाचतात आणि रस्त्यावरून हॉटेलात नेणारी केबल कार तळ्यावरून जाते. तीही फुकट. आम्ही दोनदा बसलो.

खरा वेळ द्या तो जुन्या मकाऊला. मकाऊवर पोर्तुगीजांचं राज्य होतं, १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, आणि ते पावलोपावली जाणवतं. निळ्या-पांढऱ्या फरशांवर लिहिलेल्या 'रुआ' (रस्ता) आणि 'त्रावेसा' (गल्ली) अशा पाट्या बघून पणजीच्या फोंतेन्यासमध्ये शिरल्यासारखं होतं, फक्त खाली तेच नाव चिनीतही असतं. सेनादो चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा पायाखाली. तिथून चढ चढून सेंट पॉल. १८३५ च्या आगीत चर्च गेलं, दर्शनी भिंत तेवढी उरली. सगळे जण पायऱ्यांवरून फोटो काढून परत फिरतात. तुम्ही भिंतीच्या मागे जा, तळघर आहे, गर्दी नाही. शेजारच्या मोन्ती किल्ल्यावर चढायला पैसे नाहीत, तिथल्या संग्रहालयाला १५ पटाका.

मग सेंट जोसेफ सेमिनरीचं चर्च. सेंट फ्रान्सिस झेवियर चीनच्या उंबरठ्यावर, शांगचुआन बेटावर १५५२ मध्ये वारले. त्यांचं शरीर आपल्या जुन्या गोव्यात, बॉम जेझसमध्ये आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या हाताचं एक हाड या चर्चमध्ये आहे. आम्ही गेलो तेव्हा आत एक म्हातारे गृहस्थ आणि आम्ही दोघं, बस्स.

आणि शेवटी, बहुतेक पर्यटक जिथून न बघता पुढे जातात ती जागा. आमा देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेकडीच्या कडेला पिवळी-पांढरी, कमानींची एक लांबलचक इमारत लागते. नाव 'मूरिश बराकी'. १८७४ मध्ये बांधली ती गोव्याहून आणलेल्या पलटणीसाठी, मकाऊच्या पोलिसांच्या मदतीला. आता तिथे सागरी खात्याचं कार्यालय आहे, व्हरांड्यात जाता येतं. रुंद व्हरांडा, टोकदार कमानी, दमट वारा. पेडणे, डिचोली, सावंतवाडीकडचं कुणी त्या पलटणीत होतं का, कोण जाणे. पण पावसाळी दुपारी या व्हरांड्यात उभं राहून कुणालातरी मांडवीची आठवण झाली असणार, असं मला उगीचच वाटत राहिलं. फुकटात मिळालेल्या गोष्टींपैकी माझ्यासाठी ही सगळ्यात मोलाची.

जेवणातही हा धागा सापडतो. गोव्याचं बालचांव (कोळंबीचं झणझणीत लोणचं) आणि इथला 'बालिशांव' हे एकाच घरातले, आणि बिस्किटाच्या चुऱ्याचं सेराडुरा दोन्हीकडे मिळतं.

कसिनोत शिरल्यावर

जायचं नाही असं मी म्हणणार नाही. तिथवर जाऊन आत डोकावायचं नाही हे काही खरं नव्हे. वय २१ पूर्ण हवं, पासपोर्ट खिशात, फोटो काढायचे नाहीत. आत ढकलगाडी घेऊन बायका पाणी, चहा, दुधाचा चहा वाटत फिरतात, घ्या.

बहुतेक टेबलांवर एकच खेळ, बॅकरा. दोन बाजू, कुणाचे पत्ते नऊच्या जवळ ते बघायचं, आपली अक्कल लागत नाही. एका टेबलामागे उभा राहून मी पाऊण तास बघत होतो. एक बाई, वय आपल्या मावशीएवढं, पालथा पत्ता दोन्ही अंगठ्यांनी कडेकडेने मुडपून उचलायची. आधी लांब बाजूने, मग पत्ता फिरवून आखूड बाजूने, मधेच त्यावर फुंकर. मागे उभे असलेले चौघे श्वास रोखून. पत्ता इतका चुरगळायचा की डीलर तो परत वापरतच नाही. मग ती तो टेबलावर आपटायची आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नसायचं, जिंकली तरी आणि हरली तरी.

आता हिशेब. या खेळात 'बँकर'वर लावलेल्या दर १०० मागे कसिनोचा वाटा सुमारे १.०६, 'प्लेयर'वर १.२४, आणि बरोबरीवर लावलंत तर चौदाच्या वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कोताईत कमीत कमी पाचशे डॉलरचा डाव हे नेहमीचं. सलग चार डाव हरणं काही नवल नाही, तीन-चार मिनिटांत होतं. दोन हजार डॉलर, म्हणजे बावीस हजार रुपये, म्हणजे आमची जवळजवळ अख्खी सहल. खाज भागवायचीच असेल तर यंत्रावर खेळा, आणि रक्कम आधी ठरवून वेगळ्या खिशात ठेवा, पाकीट आणि कार्डं खोलीवर. माझे शंभर डॉलर अकरा मिनिटं टिकले. घड्याळ लावून मोजलं होतं, कारण आत भिंतीवर घड्याळ नसतं.

परत निघताना

हिशेब लिहून देतो, दोघांचा: पुलाची बस जाता-येता २६० डॉलर, खोली ११०० पटाका, गावातल्या बस सव्वाशे, खाणं सातशेच्या आसपास, संग्रहालय ३०. माझे शंभर हिने यात धरू दिले नाहीत, ते "तुमच्या खात्यावर".

शेवटच्या दिवशी खिशातले पटाका मोजा. हाँगकाँगमध्ये ते चालत नाहीत आणि बदलायला गेलात तर भाव रडवतो. आमच्याकडे सत्तेचाळीस उरले होते. बारा दोघांच्या बससाठी बाजूला काढले, उरलेल्या पस्तिसात तीन टार्ट आले. दोघांत तीन, त्यामुळे पुलावर अठराव्या किलोमीटरपर्यंत वाद चालला.